मज्जारज्जूच्या संशोधनाला तीन वर्षे पुरत नाहीत

भारतात संशोधनाचा सरकारी प्रकल्प बहुतेक वेळा ३ वर्षांचा असतो. दुखावलेला मज्जारज्जू एखाद्या औषधाने किंवा पेशींनी सुधारतो का, हे प्रामाणिक प्रयोगाने तपासायचे, तोच प्रयोग पुन्हा करून खात्री करायची आणि मग छापायचे, तर सहा-सात वर्षे सहज जातात. ही मधली तफावत कोणीच अंगावर घेत नाही. ना निधी देणारी संस्था, ना विद्यापीठ. ती येऊन पडते तिशी-पस्तिशीतल्या संशोधकावर. मग तो आपल्या परीने वाट काढतो. गटातले प्राणी कमी करतो, प्रयोग पुन्हा करायचे टाळतो, लवकर छापून येईल तेवढेच मोजतो. काही जण विषयच सोडतात. माझे म्हणणे असे की या विषयातल्या माणसाला नेमणूक, निधी आणि बढती देताना आपण जे मोजमाप लावतो त्याचा विषयाच्या वेळापत्रकाशी काही संबंध उरलेला नाही, आणि त्याची किंमत शेवटी अंथरुणाला खिळलेला रुग्ण मोजतो.

मुंबईला हा प्रश्न दूरचा नाही. लोकलच्या दारातून पडलेला प्रवासी, दहीहंडीच्या थरावरून कोसळलेला गोविंदा, परांचीवरून घसरलेला बांधकाम मजूर, खड्ड्यात दुचाकी गेलेला डिलिव्हरीवाला: मणक्याला मार लागलेली अशी माणसे सायन, केईएम, कूपरच्या अपघात विभागांत येतच असतात. उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक जीव जातात. जे वाचतात त्यांतले काही कमरेखालून लुळे होऊन घरी परततात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटीहून अधिक लोक मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. आणि याच शहरात कुलाब्याला टीआयएफआर ही मूलभूत संशोधन संस्था आहे, पवईला आयआयटी, परळला हाफकिन, हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था. चेतापेशी कशा वाढतात हे शिकणारी माणसे आणि ज्यांच्या चेतापेशींचे धागे तुटले ती माणसे यांच्यात एका लोकल प्रवासाचे अंतर आहे. तरीही मज्जारज्जूची दुरुस्ती हाच विषय धरून पंचविशीपासून निवृत्तीपर्यंत काम करता येईल अशी वाट इथे कोणी आखलेली नाही.

आधी विषय किती चिवट आहे ते पाहू. हातापायाच्या नसेतला ॲक्सॉन, म्हणजे चेतापेशीचा लांब धागा, तुटला तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने परत वाढतो. मज्जारज्जूतला वाढत नाही. त्याच्यात वाढायची ताकदच नाही असे फार काळ मानले गेले. १९८१ मध्ये माँट्रियलच्या सॅम्युअल डेव्हिड आणि आल्बर्ट अग्वायो यांनी रॅटच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराच्या, मज्जारज्जूला पायातल्या नसेचा तुकडा पुलासारखा जोडला, तेव्हा मज्जारज्जूतले ॲक्सॉन त्यातून लांबवर वाढले. पलीकडे पुन्हा मज्जारज्जूत शिरले, की थोड्याच अंतरावर थांबले. म्हणजे ताकद होती, आजूबाजूची परिस्थिती आडवी येत होती. १९८८ मध्ये पिको कारोनी आणि मार्टिन श्वाब यांनी मायलिनमधली, म्हणजे ॲक्सॉनभोवतीच्या चरबीयुक्त आवरणातली, वाढ रोखणारी प्रथिने ओळखून त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार केली. त्यातल्या मुख्य प्रथिनाचे, नोगोचे, जनुक २००० मध्ये हाती लागले. २००२ मध्ये लंडनच्या गटाने जखमेभोवतीच्या व्रणातल्या साखरेच्या साखळ्या कॉन्ड्रॉइटिनेज या एन्झाइमने छाटून रॅटची हालचाल सुधारल्याचे दाखवले. २०१० मध्ये पीटेन हे वाढीला लगाम घालणारे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत मेंदूकडून उतरणारे ॲक्सॉन जखम ओलांडून गेले.

आणि रुग्णापर्यंत काय पोहोचले? नोगोविरुद्धच्या अँटिबॉडीची, मानेत मज्जारज्जूला मार लागलेल्या रुग्णांवरची मोठी चाचणी २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. मुख्य निकषावर औषध आणि प्लासिबो, म्हणजे नकली औषध, यांत फरक दिसला नाही. ज्यांची इजा अपूर्ण होती, म्हणजे इजेखालची हालचाल पूर्ण गेली नव्हती, त्या रुग्णांत मात्र काही आशादायक खुणा दिसल्या. १९८८ ते २०२४, ३६ वर्षे. एक अख्खी कारकीर्द, आणि उत्तर अजून अर्धे. कॉन्ड्रॉइटिनेज शरीराच्या तापमानाला काही दिवसांतच निकामी होते, म्हणून ते जखमेत टिकवायचे कसे यावर वीसेक वर्षे काम चालले आहे. याला अपयश म्हणणे मला मान्य नाही. हा विषय असाच चालतो. श्वाब यांना त्यांच्या विद्यापीठाने आणि देशाने इतकी वर्षे एकाच प्रश्नामागे राहू दिले, म्हणून निदान एवढे तरी कळले की नुसता एक अडथळा दूर करून भागत नाही.

आता मुंबईतल्या एका प्रयोगाचा हिशेब मांडू. समजा एक संशोधक पीएचडी आणि परदेशातले पोस्टडॉक करून चौतिसाव्या वर्षी इथे आली, प्रयोगशाळा मिळाली, ३ वर्षांचा प्रकल्प मंजूर झाला. प्रश्न छोटा आहे: अमुक औषध इजेनंतर ६ तासांनी सुरू केले तर रॅटची चाल सुधारते का, आणि ॲक्सॉन खरोखर वाढतात का.

पहिले वर्ष कागदाचे. प्राण्यांवरचा प्रयोग संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढे फॉर्म बी भरून मंजूर करून घ्यावा लागतो. समितीत प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची सीसीएसईए, म्हणजे पूर्वीची सीपीसीएसईए, हिने नेमलेला सदस्य असावा लागतो. बैठक काही महिन्यांनी एकदा. एक खुलासा मागितला गेला की विषय पुढच्या बैठकीवर. ही तपासणी हवीच आणि ती कडकच हवी. पण प्रकल्पाचे दिवस ती होईपर्यंत थांबत नाहीत. दरम्यान मज्जारज्जूवर मोजून ठोसा देणारे यंत्र, इम्पॅक्टर, मागवायचे. ते बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या आणि परदेशी. म्हणजे हे यंत्र हीच कंपनी बनवते असे प्रोप्रायटरी सर्टिफिकेट, खरेदी समिती, परकीय चलन, कस्टम. जून २०२५ मध्ये अर्थखात्याने शास्त्रीय सामानाच्या थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली आणि संस्थाप्रमुखांना जेम या सरकारी खरेदी पोर्टलबाहेर खरेदी करायची मुभा दिली. रसायने आणि अँटिबॉडींसाठी हा मोठा दिलासा आहे, पण इम्पॅक्टर त्या रकमेत बसत नाही. त्यात हप्त्याचे पैसे फेब्रुवारीत आले की ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा, नाहीतर पैसे वापरल्याचा दाखला, युटिलायझेशन सर्टिफिकेट, अडते आणि पुढचा हप्ताही.

यंत्र आले की हात बसवायचा. रॅटच्या पाठीतल्या नवव्या किंवा दहाव्या मणक्याची लॅमिना, म्हणजे मागची कमान, खालच्या मज्जारज्जूला धक्का न लावता काढायची. उघडा पडतो तो जेमतेम ३ मिलिमीटर रुंदीचा मऊ पट्टा. त्यावर १० ग्रॅमची दांडी १२.५ किंवा २५ मिलिमीटर उंचीवरून पाडायची, नाहीतर नव्या यंत्रांत २०० किलोडाईन बलाचा ठोसा द्यायचा. बिघडते ते इथेच. मणका दोन्ही बाजूंनी क्लॅम्पने पक्का धरलेला नसेल तर ठोशाबरोबर तो खाली दबतो आणि इजा हलकी होते. दांडीचे टोक हाडाच्या काठाला घासले तर बलाचा आलेख वेडावाकडा येतो. असा प्राणी त्याच दिवशी, कोणत्या गटात जाणार हे ठरण्याआधी, बाद करायला हवा. टोक मध्यरेषेवरून जरा सरकले की एक पाय चांगला चालतो, दुसरा ओढला जातो. भुलीखाली शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राखले नाही तर थंडीच मज्जारज्जूला वाचवते आणि औषध न दिलेला गटही बरा दिसतो. एकसारख्या इजा साधायला नवख्या हाताला अर्धे वर्ष लागते. हे शिकण्यात जाणारे प्राणी कोणत्याही शोधनिबंधात दिसत नाहीत, पण फॉर्म बीमध्ये ते धरलेले असावे लागतात, आणि बहुतेक अर्जांत धरलेले नसतात.

यापुढचे काम बाहेरच्या कोणाला दिसत नाही, आणि माझ्या मते प्रयोगाचे भवितव्य त्यावरच ठरते. इजेनंतर रॅटला आपणहून लघवी होत नाही. मूत्राशय भरत जाते; ते रिकामे केले नाही तर संसर्ग होतो, लघवीत रक्त येते, दाब मूत्रपिंडापर्यंत चढतो, क्वचित मूत्राशय फुटते. म्हणून दिवसातून दोन-तीनदा प्रत्येक प्राणी हातात घ्यायचा, पोटाच्या खालच्या भागात अंगठा आणि बोटांमध्ये मूत्राशय चाचपायचे आणि हलक्या, सलग दाबाने ते मागच्या दिशेने रिकामे करायचे. जोर जास्त झाला की भिंतीला इजा, कमी झाला की तळाशी लघवी साचलेली. लघवीचा रंग गढूळ दिसला तर त्याच फेरीत अँटिबायोटिक सुरू. रॅटमध्ये आठवड्या-दोन आठवड्यांत प्रतिक्षिप्त क्रियेने लघवी सुटू लागते. छोट्या उंदरांत बऱ्याचदा शेवटपर्यंत हातानेच करावे लागते. याशिवाय त्वचेखाली सलाईन, वेदनाशामक, रोजचे वजन, ओला भुसा बदलणे, आणि संवेदना गेलेल्या पायाची बोटे प्राण्याने स्वतःच कुरतडली आहेत का ते पाहणे. एका तुकडीत २४ रॅट आणि प्रत्येकाला ४ मिनिटे धरली तर एक फेरी ९६ मिनिटांची. दिवसाला तीन फेऱ्या म्हणजे जवळजवळ ५ तास.

ही फेरी रविवारी चुकवता येत नाही, अनंत चतुर्दशीला चुकवता येत नाही, आणि कुर्ला-सायनला रुळांवर पाणी चढून लोकल ठप्प झाली तरी चुकवता येत नाही. ॲनिमल हाऊसचा कर्मचारी मात्र विरार, बदलापूर किंवा पनवेलहून येणारा, कंत्राटावरचा, दिवसपाळीचा. एक रात्र चुकली की सकाळी काही प्राणी तापलेले, मलूल. मलूल प्राणी कमी चालतो. तो औषधाच्या गटातला असेल तर औषध वाईट ठरते, दुसऱ्या गटातला असेल तर औषध गुणकारी ठरते. दोन्हीकडे निष्कर्ष खोटा, आणि आकडेमोडीत तो कुठेच पकडता येत नाही. प्रकल्पाच्या अर्जात या कामासाठी वेगळा रकाना नसतो. 'मनुष्यबळ' या शीर्षाखाली एक प्रोजेक्ट असिस्टंट मिळतो. मग रात्रीची फेरी पीएचडीची विद्यार्थिनी करते आणि शेवटची गाडी चुकली तर प्रयोगशाळेतच झोपते. याला समर्पण म्हणून मिरवण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती व्यवस्थेची कामचुकारी वाटते.

मोजमाप त्यामानाने सरळ आहे, फक्त वेळखाऊ. रॅटच्या चालीसाठी १९९५ पासून बीबीबी नावाची ० ते २१ गुणांची पट्टी वापरतात: प्राणी उघड्या रिंगणात ४ मिनिटे, दोन निरीक्षक, आणि दोघांनाही गट ठाऊक नसलेला. ९-१० गुणांच्या आसपास प्राणी स्वतःचे वजन पेलायला लागतो. १२ पासून पुढच्या आणि मागच्या पायांचा ताळमेळ दिसू लागतो. आठवड्याला एकदा असे ८ ते १२ आठवडे. मग मेंदूच्या हालचालीच्या भागात माग दाखवणारे द्रव्य सोडायचे आणि ते मज्जारज्जूत उतरायला दोन-तीन आठवडे थांबायचे. मग ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडने ऊतक स्थिर करून क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठवलेले ऊतक कापणाऱ्या यंत्रावर, २० मायक्रॉनचे काप घ्यायचे. मज्जारज्जूच्या २ सेंटीमीटर तुकड्याचे आडवे काप १,००० होतात, आणि हा एकाच प्राण्याचा हिशेब. चार तुकड्यांत मिळून शंभरेक प्राणी, सगळी शस्त्रक्रिया, चालीचे व्हिडिओ, काप आणि मोजणी पुरी होईपर्यंत प्रकल्पाचे छत्तीस महिनेही उलटतात. हातात एकदाच केलेला प्रयोग असतो.

एकदाच केलेल्या प्रयोगावर या विषयात भरवसा ठेवता येत नाही, याचे कारण खास आहे. ठोशाने केलेल्या इजेत काठाकाठाने काही ॲक्सॉन न तुटता राहतात. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली जखमेपलीकडे धागे दिसले की ते नव्याने वाढलेले की मुळातच वाचलेले, हे ओळखणे फार अवघड. पुरावा म्हणून संशोधक पाहतात की धागा सरळ जुन्या वाटेने जातो की वेडीवाकडी वळणे घेत, व्रणाच्या ऊतकातून जातो. शिवाय इजेनंतर लगेच तपासलेल्या प्राण्यांत तसा धागा नव्हता ना, हेही पाहतात. या कसोट्या न लावता 'वाढ' जाहीर झालेली उदाहरणे या शास्त्रात आहेत. त्यात भर म्हणजे रॅटमध्ये मेंदूकडून हालचालीचे आदेश आणणारा मुख्य गठ्ठा मज्जारज्जूच्या मागच्या भागात असतो, माणसात बाजूच्या भागात. रॅटमध्ये जखमेच्या जागी पोकळी होते, छोट्या उंदरात ती तंतुमय ऊतकाने भरते. एका प्राण्यातले एकदाचे यश पुढे नेण्याआधी किती ठिकाणी थांबून बघावे लागते याची ही नमुन्यादाखल यादी.

अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने हे ओळखून २००३ पासून काही विद्यापीठांना केवळ एवढ्यासाठी पैसे दिले की गाजलेले मज्जारज्जू-प्रयोग जसेच्या तसे पुन्हा करून पाहा. २०१२ मध्ये त्यांचा आढावा छापून आला. बहुतेक प्रयोगांचा मूळ निकाल पुन्हा मिळाला नव्हता. हे काम करणाऱ्यांनी कोणताही नवा रेणू शोधला नाही. तरी या विषयाला त्यांच्याइतका उपयोग फार थोड्यांचा झाला असेल. असेच काम इथल्या एखाद्या सहायक प्राध्यापकाने केले, तर त्याला बढतीच्या तक्त्यात किती गुण मिळतील?

घाईची किंमत रुग्ण कशी मोजतो याचे उदाहरण मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. १९९० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीनंतर किलोमागे ३० मिलिग्रॅमचा पहिला डोस आणि पुढे २३ तास किलोमागे ताशी ५.४ मिलिग्रॅम, हा शिरस्ता जगभर पसरला. सगळ्या रुग्णांचा मिळून विचार केला तर त्या चाचणीत मुख्य फरक नव्हता. फायदा दिसला तो ८ तासांच्या आत औषध मिळालेल्यांच्या उपगटात. संसर्ग आणि पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो हे पुढे ठळक झाले, आणि २०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या मार्गदर्शक सूचनांनी हे औषध देऊ नये असे सांगितले. मधली दोन दशके असंख्य रुग्णांना ते मिळत राहिले.

आता माणसाच्या पोटापाण्याकडे येऊ. १ जानेवारी २०२३ पासून पीएचडी करणाऱ्या कनिष्ठ फेलोला, जेआरएफला, महिना ३७,००० आणि वरिष्ठ फेलोला, एसआरएफला, ४२,००० रुपये अधिक घरभाडे भत्ता, सगळी मिळून ५ वर्षे. पहिले वर्ष कोर्सवर्कमध्ये जाते. वर सांगितलेला प्रयोग उरलेल्या चार वर्षांत एकदा कसाबसा होतो. फेलोशिप संपते तेव्हा काप मोजायचे बाकी असतात आणि परळजवळच्या खोलीचे भाडेही. पुढे पोस्टडॉक. परतल्यावर तरुण संशोधकांसाठीची इन्स्पायर फॅकल्टीसारखी सरकारी योजना ५ वर्षे महिना १,२५,००० रुपये आणि वर्षाला ७ लाखांचा संशोधन निधी देते. योजना चांगली आहे, पण ७ लाखांत इम्पॅक्टरही येत नाही, आणि ५ वर्षांनंतरच्या नोकरीची हमी नाही. विद्यापीठ-कॉलेजांत सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होते खरे, पण राज्यात कितीतरी जागा तासिका तत्त्वावर चालतात, आणि तासाच्या हिशेबाने पैसे घेणाऱ्या माणसाला ॲनिमल हाऊसची रात्रपाळी कशी परवडणार? वैद्यकीय महाविद्यालयांत २०२० च्या नियमांनी एमएस्सी-पीएचडी शिक्षकांचा वाटा घटवला, २०२५ मध्ये नियम पुन्हा सैल झाले. रुग्णांच्या सर्वांत जवळचे दार असे उघडझाप करत असेल तर त्या भरवशावर कोणी कारकीर्द बेतत नाही.

या सगळ्यात काय मोजले जाते तेही बिघडते. २००४ मध्ये किम अँडरसन यांनी ६८१ रुग्णांना विचारले की तुम्हाला आधी काय परत हवे. हातपाय दोन्ही गेलेल्यांनी हातांचा वापर मागितला. कमरेखालून लुळ्या असलेल्यांनी लैंगिक क्षमता वर ठेवली. लघवी-शौचावरचा ताबा दोन्ही गटांत वरच्या क्रमांकांत होता. चालणे पहिले नव्हते. प्रयोगशाळांत मात्र सर्वाधिक मोजली जाते ती चाल, कारण ती व्हिडिओत दिसते आणि लवकर छापली जाते. मूत्राशयाचा दाब मोजायला नळी बसवावी लागते, एकेका प्राण्याला तासन्‌तास द्यावे लागतात. ३ वर्षांच्या प्रकल्पात ते कोण करणार? गंमत नव्हे, दुर्दैव असे की दिवसातून तीनदा मूत्राशय हाताळणारी विद्यार्थिनी त्याच मूत्राशयाचा एकही आकडा लिहून ठेवत नाही. किती मिलिलिटर निघाले आणि कितव्या दिवशी लघवी आपोआप सुटली, एवढे दोन रकाने वहीत वाढवले तरी रुग्णाच्या खऱ्या प्रश्नावर काहीतरी हाती लागेल.

प्रामाणिक संशोधन रेंगाळते तिथे दुसरेच लोक दुकान मांडतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतले प्रस्थापित प्रत्यारोपण सोडले, तर स्टेम सेल देणे हे मान्यताप्राप्त चाचणीबाहेर चालत नाही. तरी मज्जारज्जूसाठी स्टेम सेलचे पॅकेज विकणाऱ्या जाहिराती लोकांपर्यंत पोहोचतात, आणि घर गहाण ठेवून माणसे ते घेतात. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत, एवढी एक गोष्ट जरी वॉर्डातल्या प्रत्येक नातेवाइकाला कळली तरी बरीच फसवणूक टळेल. ते सांगायला वॉर्डात रोज वावरणारा शास्त्रज्ञ हवा.

टिकून काम केले तर भारतातही काय होते हे दिसलेले आहे. नीरज जैन यांनी १९९७ मध्ये जॉन कास यांच्यासोबत माकडांवर दाखवले की मज्जारज्जूतला स्पर्शाची जाणीव मेंदूकडे नेणारा मागचा गठ्ठा तुटल्यावर मेंदूतला हाताचा निष्क्रिय झालेला भाग काही महिन्यांनी चेहऱ्याच्या स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागतो. हा बदल नेमका कुठे घडतो, याचे उत्तर त्यांच्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या गटाने २०१४ मध्ये छापले: मेंदूच्या बुंध्यात. दोन निबंधांमध्ये १७ वर्षे, आणि प्रश्न तोच. हे घडले कारण एका संस्थेने प्राणीगृह, पगार आणि वेळ तिन्ही टिकवले.

म्हणून मागणी अशी: मज्जारज्जूसारख्या विषयांना १० वर्षांचा निधी द्या, मध्ये चौथ्या वर्षी थांबवायचे की चालू ठेवायचे याचा निर्णय घ्या. तो निर्णय छापलेल्या निबंधांवर नको. प्रयोग सुरू होण्याआधी आराखडा नोंदवायचा, किती प्राणी, कोणते निकष, कोणता प्राणी बाद करणार, आणि चौथ्या वर्षी बघायचे की ठरल्याप्रमाणे काम झाले का. निकाल नकारार्थी आला तरी काम झालेच. दीर्घ निधीने माणसे सुस्तावतात ही शंका मला चुकीची वाटत नाही, पण तिच्यावर हाच उपाय आहे. ३ वर्षांचा फास लावून माणसे कामसू होत नाहीत, घाईत चुकतात. प्रत्येक अशा निधीत दुसऱ्या प्रयोगशाळेने तोच प्रयोग करून बघण्याचे पैसे आधीच बाजूला काढलेले असावेत आणि ते करणाऱ्याला बढतीत मूळ निबंधाइतकेच गुण मिळावेत.

एक आक्षेप जास्त गंभीर आहे. आपल्याकडे मज्जारज्जूचा रुग्ण बेडसोर आणि मूत्रसंसर्गाने दगावतो; चांगली गादी, स्वच्छ कॅथेटर, व्हीलचेअर आणि फिजिओथेरपी मिळत नसताना ॲक्सॉन वाढवण्यावर खर्च कशाला? पहिला रुपया पुनर्वसनालाच जावा, यात वाद नाही. पण पुनर्वसनाचा वॉर्ड नीट चालतो तिथेच पुढे चाचणी करता येते, कारण इजा किती हे ठरवणारी एएसआयए श्रेणी, मूत्राशयाच्या नोंदी, बेडसोरची स्थिती हे सगळे तिथेच लिहिले जाते. ज्याचे बेडसोर चिघळलेले आहेत त्याला कोणत्याही चाचणीत घेता येत नाही. हाजीअली किंवा सायनसारख्या ठिकाणी चेताविज्ञान शिकलेल्या माणसाची संयुक्त नेमणूक केली, अर्धा आठवडा वॉर्डात आणि अर्धा प्रयोगशाळेत, तर दोन्ही कामे एकमेकांना धरून चालतील.

पैसे नाहीत असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे की देशाचा संशोधनावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६४ टक्के आहे, तेव्हा वाया घालवणे तर आपल्याला मुळीच परवडत नाही. शहरातल्या चार-पाच संस्थांनी मिळून मज्जारज्जूच्या प्राण्यांसाठी एकच सुविधा चालवली, एक इम्पॅक्टर, हात बसलेला एक शस्त्रक्रियाकार आणि तीन पाळ्यांत सहा कायम तंत्रज्ञ, तर महिना ४०,००० पगार धरून तंत्रज्ञांचा वर्षाचा खर्च २८ लाख ८० हजार होतो. त्यांच्यासाठी जवळ राहायची खोली हवी, नाहीतर पावसाळ्यात पुन्हा तेच. तोवर निदान एक गोष्ट उद्यापासून करता येईल आणि तिला ना नवा कायदा लागतो ना नवा निधी: मज्जारज्जूच्या इजेचा फॉर्म बी समितीपुढे आला की रात्रीच्या, रविवारच्या आणि सणाच्या फेऱ्या कोण करणार त्यांची नावे आणि त्याचे पैसे कोणत्या शीर्षातून मिळणार हे विचारायचे. नावे नसतील किंवा पगाराच्या रकान्यात 'विद्यार्थी' लिहिले असेल, तर अर्ज परत पाठवायचा.